उरलेली एकोणीस वाक्ये

मित्रांनो, शिक्षिका टेम्वाबाईंच्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात, ब्रेल कागदांच्या गठ्ठ्याखाली, कमरेला नेसायच्या जुन्या चितेंजेच्या फडक्यात गुंडाळलेली मी एक हार्ड डिस्क आहे. म्झुझू शहरातल्या अंध मुलांच्या या शाळेत माझा काही उपयोग नाही; तरीही मला कोणी फेकून दिलेले नाही. त्याचे कारण ऐकाल, तर ते माझ्या कौतुकाचे नाही हे तुमच्या ध्यानात येईल.

माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. त्या फिरू लागल्या, की एक बारीक सुई केसाहूनही कमी अंतरावर तरंगत त्यांवर लिहिते आणि त्यांवरचे वाचते. सुईने चकतीला शिवायचे नाही आणि मी फिरत असताना मला कोणी हलवायचे नाही, एवढ्याच अटीवर कारखान्याने मला जगात पाठवले.

लुसुंगू नावाच्या एका संगणकवेड्याने मला विकत घेतले, ते स्वतःसाठी नव्हे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चर्चमागच्या खोलीत मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोणालाही वापरायला, बदलायला आणि वाटायला खुल्या असलेल्या आज्ञावल्यांच्या, चाहत्यांची सभा भरे. मी त्या सभेची होते. इंटरनेट महाग, त्यातून वीज लहरी. म्हणून रुंफीहून आणि न्खाटा बेहून माणसे मिनीबसने येत, आपापले संगणक मला जोडत आणि हवी ती आज्ञावली उतरवून घेत. मंदासीचे तळलेले गोळे खाल्लेले तेलकट हात मला लागू नयेत, म्हणून माझ्याशेजारी एक ओले फडके ठेवलेले असे. मला ते ‘विहीर’ म्हणत. माझ्यातून कितीही उपसले, तरी मी रिकामी होत नसे. खरे सांगते, मला त्याचा गर्व झाला होता.

एका शनिवारी टेम्वाबाई आल्या. त्या स्वतः अंध. त्यांनी सभेला विचारले, “तुमचा संगणक माझ्या मुलांना इंग्रजी वाचून दाखवतो. आमची तुंबुका भाषा कधी वाचणार? घरी आईशी काय इंग्रजीत बोलायचं पोरांनी?”

संगणकाला तुंबुका बोलायला शिकवायचे, तर आधी एका माणसाच्या आवाजातली हजारो वाक्ये हवीत. तो आवाज न्याझिबांनी दिला. त्या रेडिओवर तीस वर्षे गोष्टी सांगत आलेल्या. सारे त्यांना आगोगो, म्हणजे आजी, म्हणत. त्यांच्या घशात गाठ झाली होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. अकरा शनिवार त्या आल्या, कोमट पाण्याचा पेला हातात धरून बोलल्या. तीन हजार दोनशे वाक्ये झाली. लुसुंगूच्या संगणकात जागा नव्हती, म्हणून प्रत्येक वाक्य माझ्यात भरले जाई आणि तिथले पुसले जाई.

शेवटच्या दिवशी त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “नीट सांभाळा रे. दुसरा घसा नाही माझ्याकडे. आणि हो, मी मेल्यावर कुणी माझ्या तोंडून साबण विकलात, तर भूत होऊन येईन!”

सगळे हसले. लुसुंगू हसला नाही. त्याने ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

मित्रांनो, येथूनच माझ्या दुर्दैवाला आरंभ झाला, आणि तोही सद्हेतूतून. आवाज कोणत्या परवान्याखाली खुला करावा, यावर सभेत वाद पेटला. लुसुंगू म्हणे, जो हा आवाज वापरील, त्याने आपली आज्ञावलीही खुली ठेवलीच पाहिजे. वेझी नावाचा त्याचा मित्र म्हणे, अटी घालून दिलेले ते मुक्त कसले? दोघांचीही बाजू तर्काला धरून होती. परंतु परवाना ठरेपर्यंत कोणीही नक्कल घ्यायची नाही, हा लुसुंगूचा आग्रह मात्र सर्वांनी मुकाट्याने मान्य केला. जगभराच्या आज्ञावल्या हजार हातांनी वाटणाऱ्या त्या सभेने आपल्या एकमेव मौल्यवान वस्तूची एकही प्रत ठेवली नाही.

चार शनिवार असे गेले. चौथ्याच्या बारा दिवस आधी न्याझिबांना माती दिली होती.

“आधी प्रत काढा, मग भांडा,” त्या चौथ्या शनिवारी टेम्वाबाई म्हणाल्या.

“परवान्याशिवाय प्रत म्हणजे चोरी. हे आपणच लोकांना शिकवतो ना, बाई?” लुसुंगू म्हणाला.

“अरे वकीलसाहेब, आजी गेली! आता कुणाची सही आणणार आहेस? कबरीत फॉर्म टाकतोस का?” असे म्हणून वेझीने मला आपल्या संगणकाला जोडले. मी फिरू लागले. पहिले वाक्य गेले, दुसरे गेले.

“काढ म्हणतो ना ती वायर!” लुसुंगूने हात घातला. वेझीने तो झटकला. त्या दोन प्रामाणिक हातांच्या मधून मी सिमेंटच्या फरशीवर पडले.

सुई चकत्यांवर आपटली आणि तिने त्यांवर ओरखडे ओढले. राजधानीतल्या कारागिराने मला उघडून पाहिले आणि झाकण पुन्हा लावले. लुसुंगू त्यानंतर सभेला आला नाही. पुढे सभाही भरली नाही. परवान्याचा कागद पूर्ण झाला होता, असे नंतर कळले; त्या शनिवारी लुसुंगूच्या खिशातच होता.

वेझीच्या संगणकात एकोणीस वाक्ये पोहोचली होती. पण ती न्याझिबांच्या अगदी पहिल्या दिवसाची, ध्वनिमुद्रणाचे यंत्र जुळवताना सहज बोललेली. त्यांतून संगणक बोलायला शिकत नाही. त्यांत गोष्ट नाही, ऋतू नाहीत, आई नाही.

टेम्वाबाई अजून कधीतरी ती वर्गात लावतात. मी खणातून ऐकते. खुर्ची सरकते, पेला ठेवल्याचा आवाज होतो, आणि न्याझिबा विचारतात, “काय रे, माझा आवाज येतोय ना?”

अंध मुले दर वेळी एका सुरात ओरडतात, “येतोय, आगोगो!”

मित्रांनो, तत्त्वासाठी जरूर भांडा. मी भांडणाच्या विरुद्ध नाही. पण जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत आधी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवून या. कारण त्या विचारतात, मुले उत्तर देतात, आणि त्यापुढे बोलायला न्याझिबांजवळ काहीच उरलेले नाही.