वडिलांच्या नावाची चौकट

आमच्या कचेरीत देशांना गुण देतात. कोणता देश किती पुरोगामी दिसतो, त्याचे. कायदे, मंत्र्यांची भाषणं, सरकारी जाहिराती वाचायच्या आणि दहापैकी आकडा ठोकायचा. फॉर्मबिर्म असले फुटकळ कागद साहेब टेबलावर येऊच देत नाहीत. पंधरा वर्षं मी हेच करतोय आणि वर पगारही घेतो.

एका देशाला मी नऊ दिले. धाकट्या बहिणीने ते वाचलं आणि तिथल्या इस्पितळात नर्सची नोकरी पक्की केली. नवऱ्यापासून ती वेगळी झालीय, पदरात सात वर्षांची मुलगी. इथल्या नोकरीचा राजीनामा द्यायच्या शेवटच्या दिवशी मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती.

त्या दुपारी ती कचेरीत आली. "दादा, तिथल्या शाळेचा फॉर्म भरून दे ना. त्यांची भाषा तुलाच येते."

तीन पानं झरझर भरली. चौथ्यावर वडिलांचं नाव आणि संमती. चौकट रिकामी ठेवली की संगणकावरचा फॉर्म हटून बसे, पुढे सरकेना. त्याच देशाच्या मंत्र्याच्या भाषणातला 'एकट्या आईचा सन्मान' मी गुण देताना लाल शाईने अधोरेखित केला होता. बोलाचीच कढी, बोलाचाच भात!

साहेबांकडे गेलो. "नऊचे सहा करू या."

ते हसले. "अरे, देश काय बोलतो ते आपण मोजतो. काय करतो ते मोजायला बसलो तर दुकान बंद होईल."

परत येऊन बहिणीला सगळं सांगितलं. "चुकलं माझं. नको जाऊस."

तिने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "हे बारीक काय लिहिलंय?"

"चौकटीबद्दल तक्रार असेल तर या पत्त्यावर कळवा. तीस दिवसांत उत्तर मिळेल."

"इथल्या शाळेतही हीच चौकट होती. मी तक्रार कुणाकडे केली होती, आठवतं?"

आठवत होतं. माझ्याकडे. "टाक ना त्याचं नाव, काय बिघडतं? उगाच तमाशा नको," असं मी म्हणालो होतो. तिने टाकलं. महिन्याभरात त्याच कागदाच्या जोरावर तो पोरीला शाळेतून परस्पर घेऊन गेला. दोन दिवस पोर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाचला दहा कमी असताना तिने राजीनामा पाठवला.

"आता तक्रार लिही," ती म्हणाली. "या वेळी तू लिही."

मी लिहायला बसलो.