मार्सियाकची खुर्ची

“मादाम, दोरीच्या पलीकडे जाऊ नका,” आमची गाईड क्लेमांस म्हणाली, तोवर माझी आई पलीकडे जाऊन खुर्चीत बसलीसुद्धा होती.

वारसा-दिनाचा रविवार होता. त्या दिवशी तिकीट नसतं, म्हणून एरवी संग्रहालयाकडे पाठ फिरवणारं अख्खं सेंत-ओर्मे गाव या घरात घुसतं. चित्रकार मार्सियाकने शेवटची अकरा वर्षं इथे काढली. किल्ला पाहून उतरलेले प्रवासी त्याच्या पलंगापाशी येऊन डोळे पुसतात. मी इथली राखणदार. सव्वीस वर्षं त्यांना ‘हात लावू नका’ सांगत आले आहे.

आईने इतकी वर्षं इथे पाऊल टाकलं नव्हतं. आज सकाळी मात्र अठ्ठ्याऐंशी वर्षांची ही बाई ठेवणीतला कोट घालून माझ्या दारात उभी. “चल पोरी, फुकट आहे ना आज?”

“याच खुर्चीत बसून मार्सियाक नदी पाहत असे,” क्लेमांसने नुकतंच सांगितलं होतं. “अगदी एकटा. शेवटच्या क्षणीही जवळ कोणी नव्हतं.”

“तो कुठला बसतोय,” आई म्हणाली. “दोन वर्षं कूस बदलायची तरी मला हाक मारायचा. बसायचे ती मी. आणि वर खेकसायचा, सूप अळणी झालंय म्हणून.”

लोक हसले. क्लेमांसने माझ्याकडे पाहिलं. ती जूनमध्येच पॅरिसहून आलेली. ही माझी आई, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. दर वर्षी एखादी म्हातारी ‘मार्सियाक माझ्यावर भाळला होता’ म्हणत येते, त्यातलीच ही, असं तिला वाटलं असणार.

संग्रहालय करायचं ठरलं तेव्हा घर रिकामं होतं. मार्सियाकच्या पुतण्यांनी चमच्यांसकट सगळं विकलेलं. समितीने दवंडी पिटली, मार्सियाकचं काही असेल तर आणून द्या, देणाऱ्याचं नाव भिंतीवर लावू. गावाला पडत्या फळाची आज्ञा. कुणी आजोबांचा कंदील आणला, कुणी फुटकं तसराळं. मी आईच्या स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि चित्रकाराची म्हणून देऊन आले. माझा नवरा नुकताच वारला होता. मला काम हवं होतं, खुर्चीमुळे ते मिळालं.

खुर्ची आईचीच. लग्नात तिच्या वडिलांनी गवताची बैठक विणून दिलेली. आजारी मार्सियाकच्या उशाशी बसायला तिने ती इथे आणली, आणि तो गेल्यावर स्वतः उचलून परत नेली. मी खुर्ची दिली त्या दिवशी रिकामा कोपरा पाहून ती एवढंच म्हणाली होती, “काम मिळालं का?” पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही.

आता ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नव्हे. मी बोलेन म्हणून थांबली होती. मला दोनच वाक्यं बोलायची होती: खुर्ची हिची आहे, आणि तो एकटा मेला नाही. पण भिंतीवर माझं नाव होतं आणि पेन्शनला आठ महिने उरले होते. मला माझीच किळस आली, तरी तोंडातून निघालं ते भलतंच.

“उठा, मादाम. ती मार्सियाकची खुर्ची आहे.”

आईने खुर्चीचा हात धरला. मग हळूहळू उठली.

“चुकलं हं, मादाम. म्हाताऱ्या माणसांना कळत नाही. तुम्ही मनावर घेऊ नका.”

मी हात पुढे केला. तिने शेजारच्या डच प्रवाशाचा हात धरला आणि दोरीच्या अलीकडे आली. क्लेमांसने पुढचं सांगायला सुरुवात केली. आई घोळक्यात उभी राहून, सगळ्यांसारखी मान हलवत, तो कसा एकटा मेला ते शेवटपर्यंत ऐकत राहिली.

निघताना लोक दाराशी राखणदारासाठी ठेवलेल्या बशीत काहीबाही टाकत होते. आईही रांगेतून आली. तिने पर्स उघडली, चाचपून दोन युरोचं नाणं काढलं आणि बशीत ठेवलं.

“आभारी आहे, मादाम,” मी सवयीने म्हणाले.