गोल बुडाची कढई नवव्या मजल्यावर

"वाजवून बघ ग, आधी वाजवून बघ! बिडाची वस्तू डोळ्यांनी घेत नाहीत, कानांनी घेतात."

चाळीस वर्षांपूर्वी बाजारात ऐकलेला हा आवाज माझ्या कानांत अजून घुमतो. मित्रांनो, तुम्ही विचाराल, कढईला कुठून आले कान? आहेत ना. माझ्या दोन बाजूंना दोन कान आहेत आणि त्यांनाच धरून मला आजवर सगळ्यांनी उचलले आहे.

मी एक जुनी बिडाची कढई आहे. तो आवाज एका सासूचा होता. तिने नव्या सुनेला, राबिगाला, माझ्यासमोर बसवले होते. राबिगा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने लाजत बोटाच्या पेराने मला टकटक केले आणि मी ठण्णकन उत्तर दिले. कुठे तडा नाही, कुठे पोकळ नाही. "हीच," सासू म्हणाली, आणि मी त्यांच्या गाडीत चढले.

माझे बूड गोल आहे. मला ओतणाऱ्याने मातीच्या चुलीचे तोंड डोळ्यांपुढे ठेवूनच मला घडवले. चुलीवर ठेवले की मी मांडीवर बसलेल्या लेकरासारखी स्थिर. सपाट जमिनीवर ठेवले की मात्र मी डुलू लागते. वारा आला तरी डुलते, कोणी जवळून चालत गेले तरी डुलते. स्वस्थ बसणे माझ्या अंगातच नाही.

आमचे गाव कराशोकी, उघड्या माळावरचे. तिथे मी राबिगाच्या हातात वाढले. गोवऱ्यांचा धूर माझ्या पोटाला असा बसला की पुढे तोच माझा रंग झाला. माझ्यात हिवाळ्याचे मांस तासन्‌तास शिजले, तळणातून बाउरसाकचे फुगीर गोळे टुणटुण वर आले. राबिगाच्या मुलाच्या, एर्केबुलानच्या, बारशाचे जेवण माझ्यात शिजले आणि तिचा नवरा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचे जेवणही माझ्यातच शिजले. त्या दिवशी ती माझ्यातले जेवण ढवळत होती आणि रडत नव्हती. माणसे म्हणाली, "राबिगाच्या कढईला हात लावला की घर भरल्यासारखं वाटतं." मी तेवढ्यावर कितीतरी वर्षे खूश राहिले.

पण माझा सगळ्यांत आवडता दिवस वेगळाच होता. गावात कोणी नवे बिऱ्हाड आले की त्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नसे. जे आधीपासून राहणारे, त्यांनी नव्यांना जेवायला बोलवायचे, असा आमच्याकडे रिवाज. त्याला एरुलिक म्हणतात. मग मी चुलीवर चढे आणि बायका गात:

दारी उतरली नवी गाडी, सखे, लावू नको काडी,
आज जेवण आमच्या घरी, उद्या सोड सामानाची दोरी.

नवी बाई पहिला घास घेईपर्यंत परकी असायची. दुसरा घास घेताना ती राबिगाला मिठाचा डबा कुठे आहे ते विचारायची. मग झालीच ती आमची.

पुढे एर्केबुलान राजधानीला, अस्तानाला गेला. तिथे इमारती गवतासारख्या उगवत होत्या आणि तो उंच क्रेनवर बसून त्यांना वर चढवत होता. दोन वर्षांनी त्याने नवव्या मजल्यावर घर घेतले. त्याची बायको मकपाल परिचारिका होती. तिला तर शहराचीच ओढ होती. "इथं काय आहे, आपा? वारा आणि मेंढ्या," ती सासूला म्हणे. राबिगा उत्तर देई, "वाऱ्याला आणि मेंढ्यांना मी ओळखते तरी."

निघायच्या आधी गावातला झुमागाली म्हातारा सल्ला द्यायला आला. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तो अकरा दिवस राजधानीत राहून आला होता, त्यामुळे त्या विषयात त्याचाच शब्द चाले.

"पहिली गोष्ट," चहाची वाटी पुढे सरकवत तो म्हणाला, "पोचल्या पोचल्या पत्ता नोंदवून घ्या. पत्ता नोंदवला नाही तर डॉक्टर नाही, काही नाही. तिथं माणूस आधी कागदावर राहायला येतो, मग घरात. दुसरी गोष्ट, रस्ता पाठ करू नका. आज दुकान आहे तिथं उद्या मनोरा असतो. आणि तिसरी, लिफ्टमध्ये शिरल्यावर सलाम करायचा नाही. मी केला. एक बाई पर्स छातीशी धरून पुढच्याच मजल्यावर उतरली."

"सलाम नाही, मग करायचं काय?" राबिगाने विचारले.

"आकडे बघायचे. दाराच्या वर आकडे असतात. सगळे तिकडंच टक लावून बघतात, जसं काही तिथून आता वासरू जन्माला येणार आहे."

सगळे हसले. सल्ले खरेच होते, मित्रांनो. पण जे खरोखर कळायला हवे होते, ते कोणालाच ठाऊक नव्हते. म्हाताऱ्यालाही नाही आणि मलाही नाही.

आमच्यात नव्या घरी कढई आधी जाते, माणसे मागून. म्हणून एर्केबुलानने मला एक दिवस आधीच नेले आणि धापा टाकत वर चढवले. लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. वर आलो तर किल्ली नाही. कार्यालयातला माणूस फोनवर म्हणाला, "उद्या या." मला पुन्हा नऊ मजले खाली कोण नेणार? त्याने मला दारासमोर पालथे घातले आणि तो गेला. एक दिवस मी तिथे अशीच पडून होते. समोरच्या दारापाशी रंगारी काम करत होते. त्यांनी पाय पुसायला एक जाड पोते टाकले होते. तिसऱ्या प्रहरी एक जोडपे घर बघायला आले, माझ्याकडे बघून थांबले, काहीतरी कुजबुजले आणि परत गेले. मी पालथी होते, शब्द नीट ऐकू आले नाहीत. मला वाटले, चौकशी करत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी राबिगा आली. संध्याकाळी ती दार लावून दमून झोपली होती, तेव्हा समोरचे बिऱ्हाडही आले.

पहिला घाव माझ्यावर बसला. नव्या स्वयंपाकघरात विजेची शेगडी होती, काळ्या काचेची, आरशासारखी सपाट. राबिगाने मला तिच्यावर ठेवले. मी डुलले.

"आपा, काच फुटेल!" मकपाल धावत आली.

"काच खिडकीला लावतात. काचेवर स्वयंपाक कोण करतं?"

"ही शेगडी सपाट भांड्यांची आहे."

"मग बदलायचं काय, शेगडी की भांडं?"

"मला विचाराल तर भांडं," मकपाल म्हणाली.

 मग एर्केबुलानने मला उचलून बाल्कनीत ठेवले. हिवाळ्यात तिथे बर्फपेटीसारखी थंडी असते, म्हणून माझ्यात मांसाचे तुकडे रचले आणि वर फळी टाकली. जन्मभर मी अन्न गरम केले होते. आता माझ्या पोटात ते गोठून पडले.

पण माझे दुःख राबिगाच्या दुःखापुढे काहीच नव्हते. ती रोज सकाळी धुतलेला पांढरा रुमाल डोक्याला बांधून तयार बसे. समोरच्या घरून बोलावणे येईल, अशी तिला खात्री होती. "आपल्या आधीचे आहेत ते," ती मुलाला सांगे. "आपण आलो तेव्हा त्यांच्या दारात चटई होती. बोलावतील. सामान लावत असतील अजून."

एक आठवडा गेला, मग महिना. समोरच्या बाईशी लिफ्टमध्ये गाठ पडली तर दोघीही आकडे बघत.

दोन्ही घरांची दारे समोरासमोर असली तरी मागच्या बाल्कन्या लागून होत्या, मध्ये फक्त पत्र्याचा एक पातळ आडोसा होता. त्याच्या पलीकडून मला रोज आवाज येई. समोरची बाई कुल्याश, अराल समुद्राकडची. ती नवऱ्याला म्हणे, "माणसं कसली ही! आपल्या आधी राहायला आली, कढई दारात मांडून बसली होती, आणि नव्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. आपण कसं जायचं आधी? लाज नाही वाटत?"

मित्रांनो, माझ्या जिवाची कशी तगमग झाली असेल! दोन्ही घरे एकाच दिवशी आली होती. दोघी एकमेकींना जुने समजत होत्या, दोघी रिवाज पाळत होत्या आणि रिवाज पाळता पाळता उपाशी राहत होत्या. सबंध इमारतीत जुने असे कोणी नव्हतेच. एकटी मी हे जाणत होते आणि मला तोंड नव्हते. वारा सुटला की मी डुलून डुलून कठड्यावर आपटे. गडगड, ठण्ण. मला वाटे, ऐका, ऐका! पलीकडून कुल्याश म्हणे, "ऐकलंस? आता कढई आपटून दाखवतायत."

राबिगा वाळू लागली. दुकानात तिला भाकरीसुद्धा परकी वाटे. एकदा ती फिरायला गेली आणि परत येताना वाट चुकली, कारण खूण म्हणून लक्षात ठेवलेली पत्र्याची भिंत तीन दिवसांत नाहीशी झाली होती. मार्च उजाडला तेव्हा तिने जेवताना शांतपणे सांगितले, "मी गावी जाते. दिराकडे राहीन. शुक्रवारी सकाळी गाडी येईल, बोलून ठेवलंय. कढई घेऊन जाते."

एर्केबुलानने खूप समजावले.  मकपाल ताटे उचलून आत गेली. तिला शहर मानवले आहे, असेच सगळे धरून चालले होते. राबिगा मुलाला म्हणाली, "बघ, सुटली म्हणत असेल." मला ते ऐकवले नाही.

गुरुवारी दुपारी राबिगा माझ्यातले उरलेले मांस काढायला बाल्कनीत आली. तिने मला उचलले तशी मी आडोशावर आदळले आणि पत्रा दणाणला. पलीकडून कुल्याशचे डोके कठड्याबाहेर आले.

"आज काय राग आहे एवढा?"

राबिगाचेही डोके बाहेर आले. "राग कसला बाई? सामान बांधतेय. गावी चालले."

"शेजाऱ्याला एकदाही जेवायला न घालता?"

"मी घालू? तुम्ही घालायचं! आधीचे तुम्ही!"

"आम्ही आधीचे? तुमची कढई आदल्या दिवसापासून दारात होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. कढई आली म्हणजे घर आलं, तुमच्यात वेगळं असतं का?"

"अहो, नुसती कढई होती! आम्ही कुठं होतो? आणि तुमची चटई?"

"कसली चटई?"

"दारातली! जाडजूड!"

"ते रंगाऱ्यांचं पोतं हो! रंगाचं! मी दुसऱ्या दिवशी नाक धरून टाकलं ते!"

 मग कुल्याशने कपाळावर हात मारला आणि हसू लागली. राबिगाही हसली, आणि हसता हसता रुमालाच्या टोकाने डोळे पुसू लागली. "सहा महिने," ती म्हणाली. "सहा महिने रोज रुमाल बदलला मी."

"आणि मी, आपणच बोलवावं म्हणून, दोन वेळा मासा विरघळवून परत गोठवला. आज कोणी कोणाला बोलवायचं नाही. चला खाली."

कुल्याशकडे तीन पायांची लोखंडी तिवई होती. इमारतीमागे वाळूच्या ढिगाजवळ त्यांनी तुटक्या फळ्या पेटवल्या आणि सहा महिन्यांनी माझ्या बुडाला जाळ लागला. मी डुलले नाही. मांस उकळू लागले आणि वास वर चढत गेला. एकेक खिडकी उघडली. चौथ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडले, "काय आहे खाली?" कुल्याश ओरडली, "जेवण! वाटी आणा!" लोक जिने उतरून आले. अनोळखी माणसे वाफेत तोंड घालून एकमेकांना गाव विचारत होती. प्रत्येकाला दुसराच आपल्याआधीचा वाटत आला होता.

मित्रांनो, कोणी मोठ्या शहरात राहायला निघाला तर त्याला पत्ता नोंदवायला जरूर सांगा. शेगडी कशी आहे तेही विचारून घ्यायला सांगा. पण एवढेही सांगा की तिथे सगळेच नवे असतात, म्हणून आधी कोण आले ते मोजत बसू नकोस, सरळ दार वाजव. आणि आमच्यासारख्या जुन्या भांड्यांना अडगळीत टाकू नका. जेवण झाले की आम्हाला ओले ठेवू नका, पुसून चरबीचा हात फिरवा. गंज लोखंडावर चढतो तसा माणसावरही चढतो, तो मी बाल्कनीत बसून पाहिला आहे.

जेवणे झाली, लोक वर गेले. तरी गाडी ठरलेली होती आणि राबिगाने शब्द दिला होता. "आता सुखानं जाते," ती म्हणाली. "पोटभर जेवले." मकपाल वाळूने मला घासत होती आणि राबिगा कोमट पाणी ओतत होती.

"नीट घास पोरी. उद्या लांबचा रस्ता आहे तिला."

मकपालचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. मुठीत ओली वाळू तशीच होती.

"आपा, दवाखान्यात माझ्याशी कोणी बोलत नाही. एकदाही नाही, पहिल्या दिवसापासून. डबा मी जिन्यात बसून खाते. घरी येते आणि तुमच्याशी शेगडीवरून भांडते ना, तेवढंच माझं दिवसभरातलं बोलणं. मीच हट्ट केला होता शहराचा, म्हणून सांगायची लाज वाटत होती. तुम्ही जाऊ नका. मला इथं फार भीती वाटते."