बेडकाच्या तोंडून बायको

घड्याळजींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चपला-बुटांची रांग पार जिन्यात गेली होती. सगळ्यांच्या माना खिडकीजवळच्या काचेच्या टाकीकडे वळलेल्या. आत अंगठ्याएवढा बेडूक, जन्मभर पाण्यातच राहणाऱ्या जातीचा.

मेलेल्यांशी बोलतो म्हणवणाऱ्या एका बाबांनी तांब्यातलं पाणी टाकीत ओतलं आणि डोळे मिटून सुरू केलं, "आत्मा म्हणजे लहर! लहर म्हणजे पाणी! पाण्यात कोण? बेडूक! माई, बोला, धनी वाट बघतायत!"

पाव तास हेच दळण चाललं. मग पाण्यातून बारीक गुणगुण आली.

"अगंबाई, आल्या!" शेजारीण रडायलाच लागली.

"माई म्हणतायत, मी याच पाण्यात आहे, पाणी बदलू नका," बाबांनी अर्थ सांगितला. बेडकाची भाषा त्यांना कुणी शिकवली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

घड्याळजींची बायको, म्हणजे माई, जाऊन सात महिने झाले होते. बेडूक तिनंच हौसेनं आणलेला. ती गेल्यावर दाराची घंटा वाजणंच थांबलं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या या माणसाला दिवस ढकलता ढकलवत नव्हता. आता रोज माणसं यायची, "जेवलात का?" विचारायची. खोटं कशाला बोला, घड्याळजींना ती गर्दी हवी होती, आणि तो आवाज तर त्याहून हवा होता.

दोन महिन्यांनी बेडूक गप्प झाला.

"माई मौनात आहेत," बाबा म्हणाले.

घड्याळजींनी मात्र सवयीनं डोळ्याला भिंग लावलं. बेडकाच्या पायांवर कापसासारखे पांढरे पुंजके आले होते, आणि तीन दिवसांचं खाणं तळाशी तसंच पडलं होतं. ती एकदा गेली, ते सोसलं. आता पुन्हा?

ते तडक कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. बाईंनी टाकीचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

"काका, पाणी कधी बदललं?"

"दोन महिने झाले. बाबा म्हणाले..."

"बाबांना दोन महिने मोरीत बसवा! अहो, हा स्वतःच्या घाणीत राहतोय. बुरशी लागलीय त्याला."

"वाचेल ना हो?"

"बघू या. आधी याचं कोण करायचं?"

"ती करायची. वहीत लिहून ठेवायची. ती गेल्यावर मी आपला अंदाजानं पाणी बदलायचो."

वही कपाटात होती. तिचं अक्षर बघवत नाही म्हणून घड्याळजींनी ती कधी उघडलीच नव्हती. बाई मोठ्यानं वाचू लागल्या.

"दर रविवारी पाव टाकी पाणी बदलणे. नळाचं पाणी थेट नको, क्लोरीन घालवणारं औषध घालणे. हातात घेऊ नये. झाकण ठेवणे, उडी मारतो. कात टाकून स्वतःच खातो, घाबरू नये." बाईंनी पान उलटलं. "पुढचं ऐका काका. कोमट पाणी घातलं की थोड्या वेळानं गुणगुणतो. नर आहे, मादीला हाक मारतो. बिचारा एकटाच आहे."

घड्याळजी खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

औषधानं आणि स्वच्छ पाण्यानं बेडूक तीन आठवड्यांत सावरला. मग घड्याळजींनी स्वतःच सगळ्यांना बोलावलं. बाबाही आले, तांब्यासकट. घड्याळजींनी सरळ तांब्यात बोट बुडवलं.

"कोमट आहे. का हो?"

"मंत्राची ऊब!"

"माझ्याकडे किटलीची ऊब आहे." त्यांनी औषध घालून तयार ठेवलेलं कोमट पाणी हळूच टाकीत सोडलं आणि मंत्राऐवजी बेचा पाढा सुरू केला. लोक हसले. पाढे एकोणतिसापर्यंत गेले, तेवढ्यात टाकीतून गुणगुण आली. हसू थांबलं. बाबांनी तांब्या उचलला आणि बूट शोधायला जिना गाठला.

"तिची आठवण असह्य झाली म्हणून मी डोळे मिटले," घड्याळजी म्हणाले, "आणि हा जीव मरायला टेकला. तुम्हीही कुणाला तरी गमावलं असेल. रडा, पण कुणी चमत्कार दाखवला तर आधी तांब्यात बोट घालून बघा."

त्यानंतर कुणी आलं नाही. गर्दी चमत्काराची होती, घड्याळजींची नव्हे. रविवारी त्यांनी पाव टाकी पाणी बदललं, दुकानातून आणलेली मादी हळूच आत सोडली, वहीत तिच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिलं, "त्याला जोडीदारीण आणली." मग पेनला टोपण लावून त्यांनी आपली एकुलती खुर्ची टाकीसमोर ओढली.