रंगाचे दोन हात

बस. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, स्टूल घे. तू उद्या आमच्याकडे येतोयस, तर त्याआधी तुला आमच्या आईची एक गोष्ट सांगून टाकतो. गोष्ट भिंतीची आहे. हसू नकोस. मी टायरवाला माणूस, सगळा जन्म गोल वस्तूंत गेला, पण त्या सरळ भिंतीने माझा जेवढा घाम काढला तेवढा कुठल्या ट्रकच्या चाकाने नाही काढला.

आमचं जुनं घर वरच्या मजल्यावर. दोन खोल्या आणि मधे अरुंद बोळ. आईची नजर हळूहळू गेली. आधी सुई ओवता येईना, मग माणसं आवाजावरून ओळखायला लागली, मग उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. पण बाईने कुणाचा हात धरला नाही. भिंतीला हात लावायची आणि चालायची. खाटेवरून उठली की पहिलं दिव्याचं बटण लागायचं, मग कॅलेंडरचा खिळा, मग प्लास्टरला गेलेला तडा. तडा संपला की भिंत गार लागायची, आणि गार लागली की आलं न्हाणीघराचं दार. कुठे अडली नाही, कुठे धडकली नाही. रोज तेच करून करून भिंतीवर कमरेच्या जरा वर एक काळपट पट्टा पडला होता. बसमधल्या दांड्यासारखा चकचकीत.

घरमालकाला आम्ही इस्त्री म्हणायचो. कधीही बघ, अंगावरच्या कपड्याला सुरकुती नाही, बोलण्यालाही नाही. त्याने घर सोडायला सांगितलं, ते रीतसर सांगितलं, त्यात भांडण नव्हतं. उलट दुसरं घर त्यानेच बघून दिलं, त्याच्या मेहुण्याचं, तळमजल्यावरचं. फक्त जाण्याआधी भिंती साफ करायच्या, भोकं बुजवायची आणि रंगाचे दोन हात मारून द्यायचे. तेही आम्ही राहत असतानाच, कारण रविवारी तो नवीन भाडेकरूंना घर दाखवायला आणणार होता. जाता जाता त्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा डाग आधी काढा.

आई खाटेवरून म्हणाली, "कुठे आहे डाग? मला तर नाही दिसत."

इस्त्रीला हसावं की नाही ते कळेना. गेला बिचारा जिना उतरून.

आता माझ्या ताईचं सांगतो. ताई माझ्याहून मोठी. जीव लावणारी आहे, पण जीव लावता लावता गळाच आवळते. तिने ठरवून टाकलं होतं की नव्या घरात आई पहिल्याच दिवशी पडणार, तेव्हा तिला आता आपल्याकडे न्यायची. तिच्याकडे पलंग, गादी, सगळं हातात द्यायला बाई. आई मागे थोडे दिवस तिथे राहून आली होती. आली तेव्हा पाय लटपटत होते. म्हणाली, फुलदाणीसारखी ठेवतात रे मला, पुसतात आणि परत जागेवर ठेवतात. तेव्हा बघ, इस्त्री बिघडला असता तर मेहुण्याचं घर गेलं असतं. घर मिळेपर्यंत आम्ही कुठेतरी, आणि आई ताईकडे. आणि तिथे एकदा पलंगावर बसली की ती परत तिच्या पायांनी चालणार नव्हती. हे मला कळत होतं, आईला तर माझ्याआधी कळलं होतं.

म्हणून मी मुकाट्याने पुट्टीचा डबा आणला. बायकोने साबणाच्या पाण्याने भिंती घासल्या. मी खिळे उपटले, भोकं बुजवली, तडा भरला, वर पॉलिश पेपर मारून सगळं गुळगुळीत करून टाकलं. झकास काम झालं असं आपलं मला वाटलं.

दुपारी आई झोपून उठली आणि निघाली. बटण लागलं. पुढे खिळा नाही. हात मागे नेला, पुन्हा पुढे आणला. तडाही नाही. बोळाच्या मधोमध उभी राहिली. स्वतःच्या घरात हरवलेलं माणूस तू बघितलंयस कधी? हाक नाही मारली तिने. मी शिडीवर होतो, माझी उतरायची हिंमत होईना. शेवटी तीच म्हणाली, "वर बसून मजा बघतोयस होय रे? खिळा कुणी चोरला ते सांग आधी."

मी उतरून तिला सगळं समजावलं. इस्त्री, रविवार, मेहुणा. तिने ऐकून घेतलं आणि गप्प बसली. आमची आई गप्प बसली की समजायचं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

रविवारी सकाळी मी पहिला हात मारला. पट्टा पार झाकून गेला, भिंत पांढरीफेक. आईला खुर्चीत बसवलं होतं. बायकोने चार वेळा बजावलं की भिंत ओली आहे, काही लागलं तर हाक मारा. आई म्हणाली बरं. मी ब्रश धुवायला मागे गेलो, बायको चहा टाकायला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

मी बाहेर आलो तर दारात इस्त्री, त्याच्या मागे एक नवरा-बायको, आणि त्यांच्या मागे सामान बांधायला आलेली ताई. सगळे खिळल्यासारखे उभे. बोळात आई. दोन्ही तळवे पांढरे. आणि भिंतीवर, खाटेपासून न्हाणीघरापर्यंत, पाच बोटांचे लांबच लांब ओरखडे. एक ओळ जाताना उजव्या हाताची, एक येताना डाव्या हाताची.

"हे काय चाललंय?" इस्त्रीने विचारलं.

"रंग चाललाय," आई म्हणाली. "दोन हात मारायला सांगितले होतेस ना? जाताना एक मारला, येताना एक मारला."

ती नवीन बाई ओढणी तोंडाला लावून हसायला लागली. तिचा नवरा छताकडे बघू लागला. इस्त्री मात्र नाही हसला. म्हणाला, मी आत्ताच मेहुण्याला फोन करतो, असले भाडेकरू त्याच्या गळ्यात नाही बांधणार मी. ताईला तेच हवं होतं. झालं समाधान, आता चल माझ्याकडे, असं म्हणत तिने आईचा दंड धरला. आईने तिला बाजूला सारलं, तशी ताईच्या बाहीवर पांढरा पंजा उमटला.

मला काय झालं कुणास ठाऊक. जन्मभर मालक लोकांना हो साहेब, हो साहेब करत आलेला माणूस मी. हातातला ब्रश खाली ठेवला आणि म्हणालो, "दुसरा हात मी मारून देणार आहे. पण आई या दारातून आपल्या पायांनी बाहेर पडल्यावर. त्याआधी या भिंतीला मी बोट लावणार नाही. करा फोन."

इस्त्रीने खरंच फोन काढला. तेवढ्यात ती बाई आईच्या जवळ गेली. विचारलं, आजी, नुसत्या हाताने तुम्हाला कळतं सगळं?

"ये, घर दाखवते तुला," आई म्हणाली.

आणि तिने त्या पोरीचा हात धरून भिंतीवर ठेवला. इथे जास्तच गार लागतं? वरच्या टाकीचं पाणी मुरतं इथे, रंग फुगतो, आम्ही दर वर्षी खरवडतो. आता इथे टकटक कर. ऐक, पोकळ आवाज येतो, प्लास्टर सुटलंय आतून. पोरगी टकटक करायला लागली. तिच्या नवऱ्याने छत सोडलं आणि तोही टकटक करायला लागला. इस्त्रीचा फोन कानापर्यंत गेलेला, तो तिथून खिशात गेला.

"आजी, बसा आता, दमाल," इस्त्री म्हणाला.

"दमते कसली. अजून स्वयंपाकघर राहिलंय."

इस्त्रीच्या कपाळावर मी पहिल्यांदा सुरकुती बघितली. करा तुमच्या सवडीने रंग, असं मला म्हणून तो त्या दोघांना घेऊन खाली गेला. मेहुण्याला फोन गेलाच नाही. त्या दोघांनी घर घेतलं, पण टाकी आधी दुरुस्त करून घेतली, असं पुढे कळलं.

निघायच्या दिवशी सामान सगळं खाली गेलं आणि आई सगळ्यात शेवटी निघाली. हात भिंतीवर, स्वतःच्याच बोटांच्या वाळलेल्या ओळीवर. चौकट चाचपली, कठडा धरला, उतरली. मग मी वर गेलो आणि दुसरा हात मारला. नीट मारला, उगाच कुणी नाव ठेवायला नको.

नव्या घराच्या भिंती म्हणजे आरसा. बटणंसुद्धा भिंतीत बुडालेली. मेहुण्याने किल्ली देताना बजावलं होतं की खिळा ठोकायचा नाही, काही चिकटवायचं नाही. आईने हात फिरवून बघितला आणि म्हणाली, मुकी आहे रे ही. ताई बाजूलाच उभी, आईचे कपडे भरलेली पिशवी काखेत.

"पुट्टी उरलीय का?" आईने विचारलं.

उरली होती. बायको तिला दार दार दाखवत गेली आणि आई अंगठ्याने पुट्टी दाबत गेली. न्हाणीघराशी एक गोळा, स्वयंपाकघराशी दोन. म्हटलं वाळू दे, तर ऐकते कुठे? लगेच खाटेपासून चालून बघितलं, आणि डोकं घातलं ते थेट उघड्या कपाटात. म्हणाली, न्हाणीघरात कपडे कुणी टांगले? आम्ही हसलो, ताईही हसली. दुसऱ्या खेपेला आई बरोबर दारात. तिसऱ्या खेपेला तर वाटेतल्या मलाच म्हणाली, सरक.

 मग ताईने पिशवी खाली ठेवली, डब्यातली पुट्टी घेतली आणि बाहेरच्या दाराशी गेली. "इथे खाली पायरी आहे, ते कुणाच्या लक्षात आलं का?" असं आमच्यावरच खेकसली आणि एक मोठा गोळा दाबून बसवला.

मेहुणा बघेल तेव्हा बोलेल. बोलू दे. आई आहे तोवर त्या भिंतीला कुणी पॉलिश पेपर लावायचा नाही, मीसुद्धा नाही.

तर उद्या तू येशील. दार तीच उघडते, आम्ही कुणी मधे पडत नाही. खाटेपासून दारापर्यंत यायला तिला वेळ लागतो. तेव्हा एवढं कर माझ्यासाठी, बेल एकदाच वाजव, आणि थांब.