चार रिव्हर्स, एक पुढचा

आमच्या मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, अकरा वर्षांत मले एकच काम सांगतलं. गाडी नीट करून आणा.

गाडी म्हणजे अठ्ठावन्न सालची ॲम्बेसेडर. मोहाडीले त्यांच्या घरामागच्या कोठ्यात उभी, कोंबड्यांच्या ताब्यात. इश्वरजींच्या, म्हणजे मामाजींच्या, घरची पोरगी सासरी जाते तं याच गाडीत, असा नियम. मागच्या काही वर्षांत गाडी बंद पडली, नियम चालूच राहिला. आन् आता माह्या साळीचं, रेणूचं, लगन दीड महिन्यावर आलं होतं.

"जवाईबापू, तुमच्या ओळखीचा मिस्त्री आहे म्हणता," मामाजी म्हणाले. "मले जशी होती तशीच पाहिजे."

"तशीच," मी म्हणालो. त्या दिवसापासून माह्या पोटात दुखाले लागलं.

ओळखीचा मिस्त्री म्हणजे मुन्ना. तुमसरच्या एका राइस मिलमधलं इंजिन, पट्टे, पुल्या तो पाहते. दुसरा दोस्त कैलाश, त्याचं तिथंच गेट-ग्रिल वेल्डिंगचं दुकान. शाळेपासूनचे आम्ही तिघं. मोटारगाडीचं इंजिन तिघांनीही आजवर वरूनच पायलं होतं.

गाडी कैलाशच्या दुकानामागं ओढून आणली. बॉनेट उघडलं तं आत चार अंडी.

"इंजिन गेलं हे," मुन्ना म्हणाला, आन् अंडी खिशात घालून मोबाइल काढला. व्हिडिओत परदेशातले चार बुढे. जुन्या गाडीचा वरचा टप कापतात, भलंमोठं इंजिन उघडं ठेवतात, वरून धुराडे काढतात, आन् गाडी सुसाट सोडतात. हॉट रॉड म्हणते म्हणे त्याले.

"मामाजी म्हणाले, जशी होती तशीच."

"अबे, नवी होती तेव्हा सुसाटच असंल ना."

याचं उत्तर मले तीन दिवसांनी सुचलं. तोपर्यंत कैलाशनं टप कापला होता.

इंजिन मुन्नानं आणलं. मिलनं भंगारात काढलेलं, दोन सिलिंडरचं, डिझेलचं. सरळ ठेवलं तं गाडीत बसे ना. मंग मुन्नानं त्याले फिरवलं, पुढचं तोंड मागं केलं, आन् ते एकदम बेस बसलं. जिथं मिलची पुली होती तिथं गाडीचा गिअरबॉक्स जोडला.

"असं बसवलं तं उलटं नाही का फिरणार?" कैलाशनं विचारलं.

"मिलमध्ये रोजच होते. उलटं फिरलं तं पट्ट्याले एक पीळ देऊन चढवायचा, सरळ फिरते. बावीस वर्षं झाली मले या धंद्यात. तू तुझे गेट पाह्य."

मी रात्री बायकोले, ज्योत्सनाले, म्हणालो की काम चांगलं चालू आहे. तिनं माह्या तोंडाकडे पायलं आन् ओव्याची डबी काढून दिली.

लग्नाले चार दिवस राहिले तेव्हा आम्ही हॅन्डल मारलं. सातव्या फिरकीले इंजिनानं खोकला काढला, धुराड्यातून काळे गोल निघाले, आन् शेजारचं दळणाचं दुकान कोणी न सांगता बंद झालं. मुन्ना स्टिअरिंगवर बसला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

मागं कैलाशनं एका सरपंचाचं गेट रंगवून सुकत ठेवलं होतं. मुन्नानं घाबरून दुसरा गिअर टाकला. गाडी अजून जोरात मागं गेली, गेटासकट. मी धावत जाऊन चाबी बंद केली, पण डिझेलचं इंजिन चाबीचं ऐकते कुठं. शेवटी कैलाशनं डिझेलची नळी मुठीत आवळली तेव्हा ते थांबलं.

"बस, इतकंच ना," कैलाश गेटाकडे पाहत म्हणाला. "दे पट्ट्याले पीळ."

मुन्ना गाडीखाली शिरला. लय वेळ बाहेर आला नाही.

"काय झालं बे?"

"याच्यात पट्टाच नाही," खालून आवाज आला.

इंजिन काढून परत बसवाले दहा दिवस लागले असते. मुन्ना बाहेर निघाला, चहा प्याला, आन् रिव्हर्स गिअर टाकून पायला. गाडी पुढं गेली.

"झालं ना. चार गिअर मागचे, एक पुढचा. नवरीले पुढं जाण्याशी मतलब."

"आन् मामाजींले काय सांगू मी?"

"त्याइले गिअर मोजून दाखवणार आहेस काय?"

लग्नाच्या दिवशी पहाटेच आम्ही तुमसरहून निघालो. रिव्हर्समध्ये, पुढं. माणूस चालते त्या चालीनं. धानाचे पोते भरलेली बैलगाडी मागून आली, बाजूनं निघाली, आन् गाडीवाल्यानं वाकून विचारलं, "बसता काय भाऊ, मोहाडीलेच जाऊन राहिलो."

मामाजींचे पाच फोन आले. पाचही वेळा मी "येऊनच राहिलो" म्हणालो, आन् ते खोटं नव्हतं. पण गावाच्या अलीकडे गिअरबॉक्समधून आवाज यायले लागला, कोणी गिट्टी चावून राहिल्यासारखा.

"काय आहे बे हे?"

"रिव्हर्स एवढा चालाले बनवलेला नसते," मुन्ना म्हणाला.

मामाजी मांडवाच्या दारात उभे होते. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"टप?"

"रेणूले हवा लागावी म्हणून."

"आन् हे धुराडं?"

याचं मी काही ठरवून आलो नव्हतो. मामाजींनी उत्तराची वाट पाहली, मंग आत गेले. ते ओरडले असते तं मी जेवलो असतो. पंगतीत माह्या पुढची बुंदी तशीच राहिली.

बिदाईची वेळ झाली. नवरदेवाचं गाव पाच किलोमीटर, तलावाच्या पाळीवरून रस्ता. रेणू आन् नवरदेव मागच्या सीटवर बसले. टप नसल्यानं सगळ्याइले दिसत होते. बाया रडू लागल्या. मुन्नानं रिव्हर्स टाकला. कडाड् आवाज झाला आन् दांडा नुसताच हलू लागला. पुढचा गिअर गेला. मुन्नाच्या हाताले सवयीनं पहिला लागला असंल, कारण गाडी निघाली. मागं. मांडवाचा एक खांब घेऊन सरळ घराकडे.

मी नळी आवळली. मांडव थोडा बसला. बाया रडाच्या थांबल्या.

"इश्वरजी," नवरदेवाचे मामा भैयालाल म्हणाले, "पोरगी द्यायची आहे का परत ठेवून घ्यायची आहे?"

"आमची जीप आहे ना," नवरदेवाकडचं कोणी म्हणालं. "तिच्यात बसवू."

मामाजींनी माह्याकडे पायलं. अकरा वर्षांत सांगतलेलं एक काम. जमीन फाटावी असं मले वाटलं नाही, तिच्यातही ही गाडी मागंच गेली असती.

"मागंच जाते का आता?" सासूबाई, सुलोचनाबाई, मुन्नाले विचारत होत्या.

"हो माय. पण चांगली जाते. चार गिअर आहेत."

"मंग गाडी फिरवा न. डिक्की तिकडे करा. माही पोरगी दुसऱ्याच्या जीपमध्ये नाही जाणार."

वीस जणांनी ढकलून गाडी फिरवली. आता डिक्की सासरकडे होती आन् तोंड घराकडे. मुन्नानं मान मागं वळवली, डोक्याले दुपट्टा बांधून घेतला, पहिला टाकला. गाडी सासरी निघाली.

आन् रेणू आमच्याकडेच पाहत होती. वळून नाही, डोळे चोरून नाही. सरळ. नवरदेवही पाहत होता, त्याले इलाज नव्हता. सासूबाईंनी हात वर केला, तिनं केला. त्यांनी डोळे पुसले, तिनं पुसले. मुन्नानं दुसरा टाकला. शेताच्या बांधांमधून गाडी बारीक होत गेली, पण पोरीचं तोंड दिसतच होतं, हळद लागलेलं, वाटाण्याएवढं.

मामाजी माह्या शेजारी येऊन उभे राहिले. मी शिव्या खायले तयार झालो. टपाचं, इंजिनाचं, खांबाचं, सगळ्याचं उत्तर एकदमच द्यायचं ठरवलं.

त्यांनी गाडीवरची नजर काढली नाही.

"बापू," ते म्हणाले. "ज्योत्सनाच्या येळी ही गाडी सरळ काहून गेली होती?"

गाडी पाळीवर चढली होती. तिथं रस्ता अरुंद, एका बाजूले पाणी, आन् मुन्नानं तिसरा टाकल्याचा आवाज मले इथपर्यंत आला.