सरकायचं बटण

मी कंट्रोलर बोलतोय. टीव्हीवरचे खेळ हातात धरून खेळतात, तो. काही घरांत मला रिमोट म्हणतात. ते मला आवडत नाही. रिमोट आवाज कमी-जास्त करतो. मी माणूस लढवतो.

मला फार बोलायची सवय नाही. पण माझ्या हातून एक पाप घडलं आहे. ते सांगितल्याशिवाय सुटका नाही.

कारखान्यात एका बाईने मला तपासलं. हातमोजे घातलेली तिची बोटं एकेक बटण दोनदा दाबत होती. टक आवाज आला की पुढचं बटण. माझं प्रत्येक बटण टक म्हणालं. तिने मला खोक्यात घातलं. तेव्हापासून मी एकच जाणतो. दाबलं की टक म्हणायचं, आणि म्हटलं की काम करायचं. नऊ वर्षं मी या शब्दाला जागलो.

मी ज्या घरात आलो तिथे एक भाऊ आणि त्याची ताई होती. मला डोळे नाहीत. मी माणसं हातांवरून ओळखतो. धाकटा लेथवर काम करतो. त्याच्या बोटांना तेलाचा वास आणि अंगठ्यावर घट्टा. ताई नर्स आहे. तिचे हात साबणाने कोरडे पडलेले. ती धरते हळू, पण सोडत नाही.

ताईने वेगळं घर केलं होतं. वडील गेल्यापासून मात्र दर रविवारी सकाळी ती यायची. आई आधीच गेलेली. वडील गेले तेही दोन वर्षं अंथरुणावर काढून. आता दोघांना एकत्र बसवणारं घरात काही उरलं असेल तर तो मी होतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तसंच होतं.

मी एकटाच, त्यामुळे पाळी ठरलेली. पडद्यावरचा माणूस मेला की मला दुसऱ्याच्या हातात द्यायचं. वडिलांचा आणखी एक नियम घरात चालत आला होता. वडील पत्ते खेळायचे. हरलेल्याने खेळाला नावं ठेवायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आधी जिंक, मग बोल. वडील गेले, पत्ते गेले, नियम राहिला.

माझ्या नवव्या वर्षी घरात एक नवा खेळ आला. एका लोहाराला अकरा दरवाजे ओलांडून गडावर जायचं असतं. प्रत्येक दरवाजात फौज, आणि फौजेमागे एक दरवान. नुसती मारामारी. माझी बटणं तापायची.

धाकट्याची लढायची रीत एकच. ढाल वर धरायची आणि सरळ घुसायचं. ताई ढालीला हातच लावायची नाही. घाव आला की ती बाजूला सरकायची, वाट बघायची, आणि मग एकच फटका द्यायची. सरकायचं बटण उजवीकडचं, गोल. इतर खेळांतही तिची रीत तीच. नऊ वर्षं ते बटण तिच्याच अंगठ्याखाली होतं.

रविवारी शेजारचा बस कंडक्टरही यायचा. तो खेळायचा नाही, बोलायचा.

"काय बनवलाय खेळ," तो म्हणायचा. "डोक्याला ताप नाही. दिसला की हाण."

"डोकं लागतं," धाकटा म्हणायचा. "प्रत्येक दरवानाचा हात वेगळा आहे. कुणी तीन मारून थांबतो, कुणी चार. ते हाताला कळावं लागतं. लेथवर असतं तसं. म्हणून तर मजा आहे."

ताई म्हणाली, "पहिल्या तीन दरवाजांत आहे मजा. पुढे तेच. आत्तापर्यंत तीनशे माणसं मारली असतील आपण. एकाचंही तोंड आठवत नाही मला."

"मारायच्या माणसाचं तोंड कशाला आठवायचं?"

"माझा दिवसच तोंडं लक्षात ठेवण्यात जातो रे. ते नदीचं गाव आठवतं? लोहार तिथे लोकांची भांडी नीट करतो, आणि ते आपण होऊन त्याला वाट देतात. खेळ तिथे आहे. बाकी नुसती भर आहे."

"त्या गावात मला झोप लागली," कंडक्टर म्हणाला.

"तुम्हाला गाडीतही लागते. लोक उतरून जातात, तुम्हाला पत्ता नसतो," ताई म्हणाली.

तिघेही हसले. चांगलं चाललं होतं. मग धाकटा म्हणाला, "ताई, सातवा दरवाजा तुला कधी पार झालाय का? आधी जिंक, मग बोल."

"दे इकडे," ताई म्हणाली.

आता माझं पाप.

माझ्या गोल बटणाखालचं रबर झिजत आलं होतं. मला ते ठाऊक होतं. बटण दाबलं की टक आवाज यायचा, पण दहातल्या चार वेळा पुढे काही जायचं नाही. मी टक म्हणायचो आणि लोहार जागच्या जागी उभा राहायचा. बटण रुतलं असतं, आवाज बंद झाला असता, तर कुणीतरी मला उघडून पाहिलं असतं. पण मी आवाज सोडला नाही. आपण जुने झालो हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं मला.

पाळी बाजूला ठेवून ताई अकरा वेळा खेळली आणि अकरा वेळा हरली. दर वेळी तिचा अंगठा वेळेवर पडला. एकदाही चुकला नाही. हे सांगणारा साक्षीदार मी एकटाच, आणि मी टक म्हणत होतो.

"काहीतरी बिघडलंय याचं," ती म्हणाली. "मी दाबतेय, तो हलत नाही."

धाकट्याने मला घेतलं. ढाल वर धरली, सरळ घुसला, आणि दुसऱ्या खेपेला दरवान पाडला. गोल बटणाला त्याने बोटही लावलं नाही. लागलंच नाही त्याला.

"कंट्रोलर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "हातच तुझे ठीक नाहीत. खेळाला कशाला नावं ठेवतेस?"

"मी हरले म्हणून बोलत नाहीये. मी वेळेवर सरकले होते."

"सरकायलाच येतं तुला. वडिलांच्या वेळीही सरकलीच होतीस. दोन वर्षं मी एकट्याने काढली."

कंडक्टर उठला आणि चपला शोधायला लागला. ताईने मला खाली ठेवलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. असे पाच रविवार गेले. धाकटा एकटाच खेळायचा. त्याची पकड सैल झाली होती. मरायचा, मला द्यायला हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा.

नवव्या दरवाजात लोहाराची ढाल फुटते. तिथून पुढे ढाल नाहीच. सरकल्याशिवाय गत्यंतर नाही. धाकट्याने आयुष्यात पहिल्यांदा माझं गोल बटण जोर लावून दाबलं. टक. लोहार उभाच. पुन्हा दाबलं. टक. लोहार मेला. सातव्यांदा मेल्यावर त्याने खेळ थांबवला. मग नुसतं ते बटण दाबत बसला. माझा आवाज ऐकत.

दुसऱ्या दिवशी तो मला कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे घेऊन गेला. घड्याळजीने चार स्क्रू काढले.

"या एकाच बटणाखालचं रबर गेलंय," तो म्हणाला. "बाकीची अजून चालतील. हे कोण दाबत होतं एवढं?"

"माझी ताई. पण आवाज तर येतो."

"आवाज प्लास्टिकचा असतो. काम रबर करतं. बदलून देऊ?"

धाकट्याने सुटे स्क्रू खिशात टाकले. मग म्हणाला, "नको. आधी तिला दाखवायचंय."

तो तिच्या घरी गेला तेव्हा ती नुकतीच ड्युटी संपवून आली होती. त्याने मला उघड्या अंगाने टेबलावर ठेवलं आणि घड्याळजीने सांगितलं ते सगळं सांगितलं.

"चूक याची होती," तो शेवटी म्हणाला.

ताईने रबरावरून बोट फिरवलं. "हरले त्यात याची चूक होती. त्यानंतर तू जे बोललास, ते कुठल्या बटणामुळे?"

  मला ठाऊक होतं, मी खरं वागलो असतो तर ते वाक्य त्याच्या तोंडी आलं नसतं. मनात राहिलं असतं. ते बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"का आली नाहीस तेव्हा?" धाकट्याने विचारलं. आवाज खाली होता. भांडायला विचारत नव्हता.

"वडिलांनीच येऊ नकोस म्हटलं होतं. फोनवर. म्हणाले, तू नर्स आहेस, माझ्याकडे पेशंट म्हणून बघशील. निदान माझ्या पोरीला तरी मी बाप म्हणून दिसू दे. धाकट्याला सांगू नकोस, म्हणाले. त्याला वाटेल, राबायला तेवढा मीच."

"मग ते गेल्यावर सांगायचंस. दोन वर्षं दर रविवारी बसतोय आपण."

"तू विचारलं नाहीस. तू खेळत होतास. मीही खेळत होते."

 मग खुर्ची सरकली. "बस," ताई म्हणाली. "जेवून जा."

आता मी ताईच्या घरी आहे. धाकट्याने रबर बदलतो म्हटलं, तिने नको म्हटलं. दुसरा कंट्रोलर आला आहे. रविवारी आता दोघे इथे बसतात, कधी कंडक्टरही येतो. ताईने सातवा दरवाजा तिसऱ्या खेपेला पार केला आणि पार करून सांगितलं, "आता ऐक. मारामारी फार आहे." धाकटा म्हणाला, "हरलीस तरी बोल." तो वाद अजून मिटलेला नाही. मिटू नये.

मी खिडकीजवळच्या फळीवर, घड्याळाशेजारी असतो. घड्याळ चालतं. मी नाही. येता-जाता ताई कधीकधी माझं गोल बटण दाबते. मी अजून टक म्हणतो. लाज वाटते, पण म्हणतो. दुसरं काही मला येत नाही.

तुमच्या घरी कुणी सारखं हरत असेल, आणि मी वेळेवर दाबलं होतं असं म्हणत असेल, तर त्याच्या हातांना बोल लावण्याआधी मला एकदा उघडून बघा. माझ्या आवाजावर जाऊ नका. आवाज मी शेवटपर्यंत करणार.